घरी दोन बाजूंचा पीसीबी बनवताना: आराखड्यापासून उरलेल्या फेरिक क्लोराइडपर्यंत

एका बाजूचा पीसीबी, म्हणजे भाग जोडायला तांब्याच्या रेघा असलेला सर्किट बोर्ड, घरी करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. डिप्लोमाची मुलं प्रोजेक्टच्या हंगामात करतात, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसणारे टाकीचे कंट्रोलर करतात. हीच मंडळी दोन बाजूंच्या बोर्डाला हात घालतात तेव्हा तेच काम दोनदा करायचं, एवढाच त्यांचा हिशेब असतो. तिथेच गडबड होते. वाया गेलेले बोर्ड समोर ठेवून पाहिले तर एचिंगमुळे, म्हणजे नको असलेलं तांबं रसायनाने खाऊन काढताना, गेलेले थोडेच निघतात. बाकीचे दोन कारणांनी जातात. एक तर सोल्डरची कावी पोचणारच नाही अशा जागी वरच्या बाजूचा जोड ठेवलेला असतो, नाहीतर दोन बाजू एकमेकींवर बसलेल्या नसतात. ही दोन्ही कामं रसायनाची बाटली उघडण्याच्या आधीची, म्हणून या लेखात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

उदाहरणाला ८० × ६० मिमीचा बोर्ड घेऊ: पाणी संपलं की बोअरची मोटार बंद करायचा इशारा देणारा. त्यावर एटीमेगा ३२८पी ही २८ पायांची आयसी, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ७८०५ (५ व्होल्ट देणारी रेग्युलेटर आयसी), दोन-तीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १६×२ एलसीडीसाठी पिनांची पट्टी आणि स्क्रूचे टर्मिनल. पद्धत टोनर ट्रान्सफरची, म्हणजे लेझर प्रिंट आणि इस्त्री.

सावधान: २३० किंवा ४१५ व्होल्ट या बोर्डावर आणायचे नाहीत. घरच्या बोर्डावर सोल्डर मास्क (तांबं झाकणारा संरक्षक थर) नसतो आणि स्टार्टरच्या पेटीत पावसाळ्यात ओल धरते. बोर्डावरून फक्त १२ व्होल्टचा इशारा बाहेर काढा. रिले आणि कॉन्टॅक्टर वेगळे, झाकलेले ठेवा.

## तयारी: काय आणायचं, काय टाळायचं

कॉपर क्लॅड (तांबं चिकटवलेला कोरा बोर्ड) घेताना "डबल साइड, ग्लास एपॉक्सी, १.६ मिमी" असं स्पष्ट सांगा. दुकानात तपकिरी रंगाचा पेपर फेनोलिकही मिळतो आणि तो स्वस्त असतो. पण दोन बाजूंच्या बोर्डावर एकाच पॅडला (भागाचा पाय सोल्डर करायची तांब्याची टिकली) दोनदा, कधी तीनदा उष्णता द्यावी लागते आणि फेनोलिकवरचे पॅड सुटून येतात. ग्लास एपॉक्सीच घ्या. तांब्याची जाडी ३५ मायक्रॉन म्हणजे नेहमीची. गावात मिळत नसेल तर नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबादचं कोठी सोयीचं, संभाजीनगर-बीडकडच्यांना पुण्याची बुधवार पेठ. ऑनलाइन मागवलं तरी चालतं, फक्त तुकड्याचे कोपरे दबलेले नाहीत ना ते आल्या आल्या बघा.

कागदाच्या बाबतीत एक मोठी चूक होते. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटो पेपर लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. त्यावरचा प्लास्टिकचा थर प्रिंटरच्या तापलेल्या रोलरला चिकटतो आणि दुरुस्तीचं बिल कागदाच्या पुडक्यापेक्षा कितीतरी मोठं येतं. पिवळा ट्रान्सफर पेपर मिळाला तर उत्तम. नाहीतर मासिकातलं पातळ गुळगुळीत पान ए-४ मापात सरळ कापून घ्या. त्यावर आधीच छापलेली शाई आड येत नाही, कारण इस्त्रीने उतरतो तो टोनर; छापखान्याची शाई जागच्या जागी राहते.

बाकीचं सामान असं: वाफ नसलेली साधी इस्त्री, ४०० ते ६०० नंबरचा वॉटर पेपर, बारीक कानस, आयसोप्रोपिल अल्कोहोल, अॅसिटोन, फेरिक क्लोराइड (एचिंगचं रसायन), प्लास्टिकचा टब, रबरी हातमोजे, गॉगल, ०.८ आणि १ मिमीची ड्रिल बिटं, छोटं ड्रिल आणि जमलं तर त्याचा स्टँड. नेलपॉलिश रिमूव्हरवर भागवू नका. त्यात बऱ्याचदा तेलकट पदार्थ मिसळलेले असतात आणि तेलाच्या थरावर टोनर धरत नाही.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते बादलीच्या काठावरच्या पांढऱ्या रेघेवरून कळतंच. तेच पाणी घासलेल्या तांब्यावर वाळलं की पांढरे ठिपके पडतात आणि त्या ठिपक्यांवर टोनर बसत नाही. धुवायला बोअरचं पाणी चालेल, पण शेवटचा हात आरओच्या नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने फिरवा. दुकानात "बॅटरीचं पाणी" म्हणून मागताना अॅसिडची बाटली हातात येणार नाही, एवढं पाहा.

## टप्पा १: आराखडा — भोकात तांबं नाही, हे धरून

कारखान्यात बनलेल्या बोर्डाच्या भोकांना आतून तांब्याचा मुलामा असतो. खालून सोल्डर केलं की वरचा ट्रॅकही (तांब्याची रेघ) आपोआप जोडला जातो. घरच्या बोर्डात ते भोक कोरडं असतं. वरच्या बाजूला ट्रॅक येत असेल तर तिथे वरूनही सोल्डर करावंच लागतं. आता आपल्या बोर्डावरचे भाग बघा. उभी ७८०५, रेझिस्टर, डायोड आणि थोडा उचलून बसवलेला सिरॅमिक कपॅसिटर यांच्या पायांना वरून कावी लागते. आयसीचा साधा बेस, बोर्डाला टेकणारा इलेक्ट्रोलिटिक, एलसीडीची फिमेल पट्टी आणि स्क्रूचा टर्मिनल यांचं अंगच पॅडवर बसतं, त्यामुळे तिथे कावी शिरत नाही.

म्हणून नियम असा: ज्या भागाला वरून सोल्डर करता येत नाही, त्याचे सगळे ट्रॅक खालच्याच बाजूने काढा. वर जायचंच असेल तर खालूनच थोडं बाजूला जा, तिथे व्हाया (दोन्ही बाजूंचे ट्रॅक जोडायला तार घालायचं भोक) द्या आणि तिथून वर चढा. गोल मशीन पिनचा आयसी बेस वापरला तर त्याच्या पायांना वरून कावी लावता येते, पण तो महाग पडतो. एक-दोन आयसींसाठी परवडतो.

आराखडा काढायचं किकॅड हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरेसं आहे, पण त्याचा एक भरवसा इथे फसवा ठरतो. डीआरसी (आराखड्यातल्या चुका शोधणारी तपासणी) चालवली की एकही चूक दिसत नाही, कारण भोकात तांबं आहे असंच ते सॉफ्टवेअर धरून चालतं. वरच्या बाजूने थेट आयसी बेसच्या पायात घुसलेला ट्रॅक त्याच्या लेखी बिनचूक असतो. ही तपासणी डोळ्यांनीच करावी लागते. बाकीचे थर बंद करून फक्त वरचा तांब्याचा थर उघडा ठेवा. प्रत्येक ट्रॅकच्या दोन्ही टोकांवर बोट ठेवत जा. टोक व्हायात किंवा वरून सोल्डर होणाऱ्या पॅडवर संपतंय का? नसेल तर तो ट्रॅक बदला. हे काम कंटाळवाणं आहे, पण बोर्ड वाचतो तो इथेच.

मापं घरच्या कामाला झेपतील अशी ठेवा. साधा ट्रॅक ०.६ मिमी, अडचणीच्या जागी ०.४, सप्लायचा १.२ किंवा जास्त, दोन ट्रॅकमधलं अंतर किमान ०.४. व्हायाचं पॅड २ मिमी आणि भोक ०.८ मिमी. पॅड एवढं मोठं का, त्याचा हिशेब असा: २ मिमीच्या पॅडमध्ये ०.८ चं भोक पाडल्यावर सगळीकडून ०.६ मिमीचं कडं उरतं. दोन बाजू ०.३ मिमीने सरकल्या तरी अरुंद बाजूला ०.३ मिमी शिल्लक राहतं आणि सोल्डर धरतं. पॅड १.४ चं ठेवलं तर तेवढ्याच चुकीत भोक थेट काठाला जाऊन भिडतं. आयसीच्या दोन पायांमधून ट्रॅक नेण्याचा मोह आवरा. दुसरी बाजू त्यासाठीच घेतली आहे.

व्हायाच्या जागेबद्दल दोन गोष्टी. आयसी बेसखाली व्हाया देऊ नका, तारेच्या सोल्डरचा फुगवटा बेसला नीट बसू देत नाही. आणि क्रिस्टलच्या धातूच्या डबीखालून वरच्या बाजूचा ट्रॅक नेऊ नका. मास्क नसल्याने डबी ट्रॅकला टेकली की शॉर्ट होतो.

रिकामी जागा ग्राउंडच्या तांब्याने भरून टाका, भोवती ०.६ मिमीचं अंतर ठेवून. दोन्ही बाजूंचे ग्राउंड चार-पाच व्हायांनी जोडा, नाहीतर वरचं ग्राउंड नुसतं बेट होऊन बसेल. भरलेल्या तांब्यामुळे एचिंगला कमी वेळ आणि कमी रसायन लागतं.

शेवटी दोन वस्तू हमखास टाका. बोर्डाच्या कडेबाहेर पाच मिमीवर तीन कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा ठेवा: २ मिमीचं पॅड आणि मध्ये ०.३ मिमीचा पांढरा ठिपका, दोन्ही थरांवर एकाच जागी. चौथा कोपरा मुद्दाम मोकळा सोडा, म्हणजे कागद फिरवून ठेवला तर लगेच कळतं. आणि दोन्ही थरांवर एकेक शब्द लिहा, वर "टॉप" आणि खाली "बॉटम". हे शब्द पुढच्या टप्प्यात उपयोगी पडतात.

## टप्पा २: प्रिंट

वरचा थर आरसा करून, म्हणजे मिरर लावून छापा. खालचा थर मिररशिवाय. याचा घोळ इतक्यांदा होतो, की नियम पाठ करण्यापेक्षा कागद वाचा. दोन्ही कागदांवर लिहिलेला शब्द उलटा दिसला पाहिजे. कागदावर उलटा, तर तांब्यावर सुलटा. किकॅडमध्ये खालच्या थरावरची अक्षरं मुळातच उलटी असतात, म्हणून तिथे मिरर लागत नाही. एखाद्या कागदावर शब्द सरळ वाचता आला तर तो कागद बाद.

घरी प्रिंटर नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात जावं लागतं, आणि तिथे पीडीएफ उघडली की "फिट टू पेज" आपोआप निवडलेलं असतं. बोर्ड तीन-चार टक्क्यांनी आक्रसतो आणि ते नजरेला कळत नाही. कळतं ते आयसी बेस बसवताना, जेव्हा चौदाव्या पायाला भोकच सापडत नाही. "अॅक्चुअल साइझ, शंभर टक्के" असं सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या. टोनर वाचवायची सेटिंग बंद, डार्कनेस पूर्ण. झेरॉक्सची प्रत चालणार नाही, थेट प्रिंटच हवी.

फाइलमध्ये बोर्डाशेजारी १०० मिमीच्या दोन रेघा ठेवा, एक उभी आणि एक आडवी. लेझर प्रिंटरमध्ये कागद तापतो, त्यातली ओल जाते आणि कागद सरकण्याच्या दिशेने माप किंचित बदलतं. म्हणून दोन्ही थर एकाच प्रिंटरवर, एकाच बैठकीत आणि कागदाची दिशा तीच ठेवून छापा. एक उभा आणि एक आडवा असं केलंत तर दोन्हींची चूक वेगवेगळ्या दिशेने जाईल आणि जुळणी कधीच होणार नाही. कोरा कागद आधी एकदा प्रिंटरमधून नुसता काढून घेतला तर हा फरक कमी होतो. पावसाळ्यात तर हे कराच.

तपासणी: स्टीलच्या पट्टीने चारही रेघा मोजा. दोन्ही कागदांवर त्याच दिशेच्या रेघा सारख्या असल्या पाहिजेत. १०० मध्ये ०.३ मिमीपर्यंतचा फरक दोन्हींवर सारखाच असेल तर चालून जातो. मग साध्या कागदावर एक जादा प्रिंट काढून तिच्यावर आयसी बेसचे पाय टोचून बघा.

तपासणी: काळ्या भागात पांढरे ठिपके किंवा फिकट पट्टे दिसत असतील तर काट्रिज संपत आलं आहे. पुढे मार्करने भरत बसण्यापेक्षा दुसऱ्या दुकानात जा.

## टप्पा ३: पाकीट तयार करणं

दोन्ही कागदांमध्ये बोर्ड सरकवायचा, म्हणजे कागदांचं पाकीट हवं. नेहमीची पद्धत अशी की दोन कागद उजेडावर धरून जुळवायचे आणि कडेला चिकटपट्टी लावायची. कागद जुळतातही. पण आत १.६ मिमी जाडीचा बोर्ड गेला, की कागदाला ती जाडी ओलांडून जावं लागतं, पाकीट ओढलं जातं आणि छाप सरकते. जुळवलेलं पाकीट असून दोन बाजू का बसल्या नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

त्याला उपाय सोपा आहे. त्याच कॉपर क्लॅडच्या १० मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. खालचा कागद छापलेली बाजू वर करून काचेवर ठेवा आणि काचेखाली मोबाइलचा टॉर्च लावा. छापाच्या डाव्या आणि वरच्या बाजूला, एकमेकींना काटकोनात, या पट्ट्या दोन्हीकडे लागणाऱ्या टेपने बसवा. तीन खुणा पट्ट्यांच्या आत, पुढे बोर्ड जिथे येणार तिथे राहिल्या पाहिजेत. आता वरचा कागद छाप खाली करून ठेवा. बारीक सुई एका खुणेच्या पांढऱ्या ठिपक्यातून घालून खालच्या कागदावरच्या ठिपक्यात टोचा. तसंच दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेचं. तिन्ही सुया सरळ उभ्या राहिल्या की वरचा कागद पट्ट्यांना चिकटवा आणि मग सुया काढा. पट्ट्यांची जाडी बोर्डाएवढीच असल्याने बोर्ड आत गेल्यावर काहीच ओढलं जात नाही, आणि बोर्डाचा कोपरा पट्ट्यांच्या काटकोनात अलगद जाऊन टेकतो.

सुई तिरपी गेली तर सगळं फुकट जातं. घाई नको, आणि पंखा बंद.

## टप्पा ४: तांबं कापणं आणि घासणं

पाकीट आधी आणि घासणं नंतर, हा क्रम उलटा करू नका. घासलेलं तांबं हवेत लगेच काळवंडू लागतं. तुमची जुळवाजुळव चालू असताना ते उघडं पडून राहायला नको.

तुकडा बोर्डाच्या मापापेक्षा चारही बाजूंनी १० मिमी मोठा कापा, म्हणजे १०० × ८० मिमी. हॅक्सॉने कापल्यावर कडेला तांब्याची धार उभी राहते. बोटाला ती जेमतेम लागते, पण तेवढ्याने कागद उचलला जातो आणि काठाजवळचे ट्रॅक छापलेच जात नाहीत. दोन्ही बाजूंची धार कानशीने उतरवा. ग्लास एपॉक्सीची भुकटी म्हणजे काचेचे बारीक तंतू, म्हणून कापताना आणि कानस मारताना तोंडाला मास्क लावा. भुकटी झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा.

वॉटर पेपरने पाण्याखाली गोल फिरवत घासा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. तपासणी: तांब्यावर पाणी ओता. पाण्याचा पातळ पडदा सगळीकडे सारखा पसरला तर तांबं स्वच्छ. थेंब होऊन पाणी मागे सरत असेल तर तिथे तेल आहे, परत घासा. शेवटी डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिलचा बोळा. यानंतर तुकडा फक्त कडेला धरा.

## टप्पा ५: इस्त्री

पाकिटात बोर्ड सरकवा, कोपरा पट्ट्यांना टेकवा. खाली लाकडी फळी आणि तिच्यावर दोन-तीन पदरी सुती कापड. फरशीवर करू नका, फरशी उष्णता ओढून घेते. इस्त्री सुती कपड्यांच्या खुणेवर. वाफेच्या इस्त्रीला तळाशी भोकं असतात आणि त्या जागी उष्णता कमी पोचते, म्हणून साधीच वापरा. संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असेल तर हे काम सकाळवर टाका. मध्येच लाइट गेली आणि अर्धवट गरम केलेला बोर्ड थंड झाला, तर कागद न सोलता लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून तापवा.

पहिल्यांदा इस्त्री न हलवता अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे कागद जागेवर बसतो. मग जोर देत हळूहळू, काठांकडे जास्त लक्ष देत, तीन-चार मिनिटं फिरवा. कागद न सोलता पाकीट उलटा आणि दुसऱ्या बाजूने तेवढाच वेळ. दुसरी बाजू तापताना पहिल्या बाजूचा टोनर पुन्हा मऊ होतो. वर कागद असतो म्हणून तो विस्कटत नाही. एक बाजू सोलून मग दुसरी करणाऱ्यांच्या बोर्डावर पहिल्या बाजूचे ट्रॅक कापडाला चिकटून येतात, ते यामुळेच.

जास्त वेळ आणि जास्त दाब हेसुद्धा चांगलं नाही. ट्रॅक पसरून जाड दिसू लागले, कडा लाटेसारख्या झाल्या, तर उष्णता जास्त झाली असं समजा.

## टप्पा ६: कागद सोलणं आणि एचिंगच्या आधीचा निकाल

बोर्ड हाताला कोमट लागेपर्यंत थांबा आणि कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं बुडवा. मासिकाचा कागद ओढू नका, अंगठ्याने चोळून थरांनी काढा. पॅडच्या मधले ठिपके आणि जवळजवळच्या ट्रॅकमधले कागदाचे तंतू जुन्या टूथब्रशने साफ करा. ओलं असताना सगळं साफ वाटतं. वाळल्यावर ट्रॅकमध्ये पांढुरका थर दिसला तर तंतू उरलेत. तिथे रसायन पोचणार नाही आणि दोन ट्रॅक जोडलेले राहतील.

आता मुख्य तपासणी. तीन जुळणीच्या खुणांवर खालच्या बाजूने ०.८ मिमीची भोकं पाडा आणि बोर्ड उलटून बघा. वरच्या पॅडच्या मधोमध भोक निघालं तर पुढे जा. ०.३ मिमीपर्यंत सरकलेलं असेल तरी चालेल. त्यापेक्षा जास्त असेल तर दोन्ही बाजूंचा टोनर अॅसिटोनने पुसा आणि टप्पा २ वर परत जा. या क्षणी नुकसान फक्त दोन कागदांचं आणि तासाभराचं. मनातल्या मनात "भागेल" म्हणत एचिंगला गेलेला बोर्ड बहुतेक वेळा भागत नाही.

छोटे तुटके ट्रॅक पाण्याने न जाणाऱ्या मार्करने भरा, दोन हात द्या. चारापेक्षा जास्त जागा भराव्या लागत असतील तर पुन्हा छापणं सोपं.

## टप्पा ७: एचिंग

फेरिक क्लोराइड पाण्यात विरघळताना भांडं तापू शकतं. नेहमी पाण्यात थोडं थोडं फेरिक घाला, फेरिकवर पाणी ओतू नका. भांडं प्लास्टिकचंच घ्या. स्टीलचा डबा किंवा अॅल्युमिनियमचं पातेलं ते खाऊन टाकतं. कपड्यांवर आणि फरशीवर पडलेले पिवळे डाग निघत नाहीत, तेव्हा काम अंगणात करा. हातमोजे आणि गॉगल घालाच.

किती लागेल? १०० × ८० च्या तुकड्यावर दोन्ही बाजूंचं मिळून सुमारे ५ ग्रॅम तांबं असतं. सगळं काढायचं तर बाजारात मिळणारे पिवळट खडे हिशेबाने ४३ ग्रॅमच्या आसपास लागतात. पण द्रावण निम्म्यावर आल्यावरच मंदावतं, म्हणून दुप्पट धरा. ग्राउंड भरून घेतलं असेल तर निम्म्या तांब्याचीच बचत होते.

द्रावण ४० ते ४५ अंशांवर चांगलं चालतं. थंडीत टब गरम पाण्याच्या परातीत ठेवा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे बाटली झाकण सैल करून उन्हात ठेवली की वेगळं तापवायची गरज नाही.

दोन बाजूंच्या बोर्डाची खरी अडचण इथे ही, की टबात आडवा ठेवलेला बोर्ड वरच्या बाजूने वेगळ्या आणि खालच्या बाजूने वेगळ्या वेगाने झिजतो. शिवाय टोनर तळाला घासतो. खुणांची तीन भोकं आहेतच, त्यात नायलॉनचा दोरा ओवा आणि बोर्ड उभा टांगा. अधूनमधून हलवत राहा. उभा टांगायला खोल डबा नसेल तर भोकांमध्ये टूथपिक अडकवून पाय करा आणि दर दोन मिनिटांनी बोर्ड उलटा. १० ते २० मिनिटांत काम होतं.

सावधान: एक बाजू आधी पूर्ण झाली तरी दुसरीसाठी थांबावं लागतं आणि तेवढ्यात पहिलीचे ट्रॅक कडेने खाल्ले जातात. झालेल्या बाजूला, बोर्ड धुऊन वाळवून, पॅकिंगची चिकटपट्टी लावा आणि मगच पुन्हा सोडा.

झालं की भरपूर पाण्याने धुवा. हे पहिलं धुणं वेगळ्या डब्यात जमा करा. टोनर अॅसिटोनने पुसा. लगेच उजेडावर धरा, बारीक तांब्याचे पूल दिसले तर ब्लेडने कापा.

### बारीक ट्रॅक हवे असतील तर

०.३ मिमीच्या खाली जायचं तर ड्राय फिल्म (तांब्यावर चिकटवायची, प्रकाशाने कडक होणारी फिल्म) घ्या. इथे प्रिंट निगेटिव्ह लागते, ट्रॅक पारदर्शक आणि बाकीचं काळं. फिल्मला दोन्हीकडून संरक्षक पापुद्रे असतात. आतला चिकटवण्याआधी काढायचा आणि बाहेरचा डेव्हलप करण्याआधी. डेव्हलपर म्हणजे धुण्याचा सोडा, एका लिटरला १० ग्रॅम. खायचा सोडा वेगळा, त्याने फिल्म नीट सुटत नाही. आणि बोअरच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की क्षार पांढरे होऊन खाली बसतात, सोडा तिथेच खर्ची पडतो आणि बोर्डावर साय येते. इथे डिस्टिल्ड पाण्याला पर्याय नाही. फिल्म उन्हाळ्यात फ्रिजमध्ये, काळ्या पिशवीत ठेवा.

## टप्पा ८: भोकं

खाली सपाट लाकूड ठेवून ड्रिल करा, नाहीतर दुसऱ्या बाजूचं पॅड उचकटतं. कार्बाइडची बिटं काचेच्या बोर्डावर टिकतात, पण हाताने धरलेल्या ड्रिलवर किंचित तिरकं झालं की मोडतात. स्टँड नसेल तर साधी एचएसएस बिटं घ्या. ती बोथट होतील, बदलत राहा. पॅड ज्या बाजूला जास्त अडचणीत आहेत, त्या बाजूने ड्रिल करा. अर्धं वरून, अर्धं खालून असं करू नका. आधी एकमेकांपासून लांबचे तीन व्हाया पाडा, दुसरी बाजू बघा, मग बाकीचे. टर्मिनलची भोकं १.२ ते १.३ मिमी लागतात.

यानंतर खुणांच्या कडा कापून बोर्ड ८० × ६० करा.

## टप्पा ९: व्हाया आधी, बाकीचं नंतर

लॅनच्या केबलमधली एकसंध तार व्हायासाठी बेताची असते, अर्ध्या मिमीच्या जवळपास. तार घाला, दोन्हीकडे किंचित वाकवा, एक बाजू सोल्डर करा, उलटा, दुसरी करा, मग कटरने जवळ कापा. वाकवल्याशिवाय केलं तर दुसरी बाजू तापवताना तार खाली गळते. सगळे व्हाया झाल्यावर मल्टीमीटर बीपवर लावून एकेक तपासा आणि आराखड्याच्या प्रिंटवर टिक करा. नंतर सगळे भाग बसल्यावर चुकलेला व्हाया सापडणं अवघड जातं.

मग आडवे रेझिस्टर आणि डायोड, ज्यांना वरूनही सोल्डर लागतं ते सगळे, त्यानंतर आयसी बेस, आणि उंच कपॅसिटर, पट्टी आणि टर्मिनल शेवटी. क्रिस्टल एक मिमी उचलून बसवा.

तपासणी: आयसी बेसमध्ये घालण्याआधी ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये मल्टीमीटर लावा. शॉर्टचा बीप येत असेल तर सप्लाय देऊ नका. नसेल तर आयसीशिवाय १२ व्होल्ट द्या आणि बेसच्या सातव्या आणि आठव्या पायांमध्ये ५ व्होल्ट मिळतात का पाहा. मिळाले तरच आयसी बसवा.

सगळं चाललं की उघड्या तांब्यावर फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ हात फिरवा किंवा क्लिअर लॅकर मारा. स्टार्टरच्या पेटीत राहणारा बोर्ड पहिल्या पावसाळ्यातच हिरवा पडायला लागतो.

## टप्पा १०: उरलेलं द्रावण

वापरलेलं फेरिक क्लोराइड लगेच फेकू नका, प्लास्टिकच्या बाटलीत नाव लिहून ठेवा. झाकण किंचित सैल, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच नाही. तीन-चार बोर्ड त्यात निघतात. एचिंगला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागायला लागला की ते संपलं.

त्यात आता विरघळलेलं तांबं आहे. मोरीत, शोषखड्ड्यात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. पाण्यातल्या माशांना आणि जमिनीला तांबं घातक असतं आणि ते पावसाने निघून जात नाही. मोठ्या बादलीत घेऊन, टप्पा ७ चं जमा केलेलं धुणंही त्यातच ओतून, धुण्याचा सोडा चमचा-चमचा टाका. खूप फेस येतो, म्हणून बादली निम्मीच भरा. फेस येणं थांबलं आणि लिटमस कागदावर आम्लता उरली नाही, की रात्रभर ठेवा. गाळ खाली बसतो. वरचं पाणी निळसर दिसत असेल तर सोडा कमी पडला, आणखी टाका. गाळ जुन्या कापडातून गाळून वाळवा आणि बंद डब्यात साठवा. संभाजीनगरकडच्या वाळूज किंवा चिकलठाण्यात प्लेटिंगच्या कारखान्यात कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या घातक कचऱ्याबरोबर तो देता येतो का, ते विचारा. तोवर डबा घरात वर्षभर राहिला तरी चालेल, त्यातून काही उडत नाही.